आठ धूमकेतूंची कॅरोलिन

१७८६ सालच्या ऑगस्टची पहिली तारीख. इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजवाड्याजवळ असलेल्या स्लाव या गावातील हर्शेल यांच्या घरात त्या दिवशी घरधनी नव्हता. राजाने भेट दिलेली एक दुर्बीण गॉटिंगेनच्या विद्यापीठाला पोहोचती करण्यासाठी विल्यम हर्शेल जर्मनीस गेला होता. घर, नोकरचाकर, हिशेब आणि आवारातल्या दुर्बिणी या सगळ्यांची राखण करायला मागे होती ती त्याची छत्तीस वर्षांची अविवाहित बहीण कॅरोलिन. दिवसभरात तिने शंभर तेजोमेघांच्या स्थानांची गणिते हातावेगळी केली. हे काम भावाचे होते. अंधार पडल्यावर मात्र तिने स्वतःची लहानशी दुर्बीण लावली आणि आकाश पट्ट्यापट्ट्याने न्याहाळायला सुरुवात केली.

सप्तर्षी आणि अरुंधती केश या तारकासमूहांच्या दरम्यान तिला एक पुसट, धुरकट ठिपका दिसला. हा तेजोमेघ की धूमकेतू? लहान दुर्बिणीतून दोहोंचे रूप सारखेच. फरक इतकाच की, तेजोमेघ ताऱ्यांच्या संगतीत जागच्या जागी राहतो आणि धूमकेतू सरकतो. म्हणजे निकाल दुसऱ्या रात्रीवर गेला. दुसरा दिवस उजाडला तो पाऊस घेऊनच. तो दिवसभर कोसळत राहिला. कॅरोलिनने त्या दिवशी दीडशे तेजोमेघांची गणिते केली आणि ती आभाळाकडे डोळे लावून बसली. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास ढग पांगले. ठिपका आदल्या रात्रीच्या जागेवरून हलला होता.

झोपण्यापूर्वी तिने रॉयल सोसायटीचे चिटणीस चार्ल्स ब्लॅग्डेन आणि खगोलप्रेमी अलेक्झांडर ऑबर्ट यांना पत्रे लिहून वार्ता कळवली. ६ ऑगस्टला सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स आणि ब्लॅग्डेन हे जातीने स्लावला येऊन तो धूमकेतू पाहून गेले. स्त्रीने शोधलेला आणि तिच्याच नावावर नोंदला गेलेला हा पहिला धूमकेतू. त्यापूर्वी, १७०२ मध्ये बर्लिनच्या मारिया किर्श हिनेही एक धूमकेतू शोधला होता. पण त्याचे श्रेय तिचा पती गॉटफ्रीड याच्याकडे गेले. कॅरोलिनच्या बाबतीत तसे घडले नाही, याचे एक कारण असे की, श्रेय घ्यायला त्या रात्री घरात दुसरे कोणी नव्हतेच.

कॅरोलिन लुक्रेशिया हर्शेल हिचा जन्म १६ मार्च १७५० रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील आयझॅक लष्कराच्या वाद्यवृंदात ओबो वाजवीत. दहा अपत्यांपैकी सहा जगली, त्यात कॅरोलिन सर्वांत धाकटी मुलगी. अगदी लहानपणी देवी आल्या आणि चेहऱ्यावर व्रण ठेवून गेल्या. दहाव्या वर्षी टायफसच्या तापाने तिची वाढच खुंटवली. पुढे आयुष्यभर तिची उंची सव्वाचार फुटांच्या आसपास राहिली. मुलीला रूप नाही आणि हुंडा द्यायला पैसा नाही, तेव्हा लग्नाची आशा धरू नये, असे वडिलांनीच तिला समजावले होते. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांना व्यवहार दिसत होता.

आई ॲना हिने यातून वेगळाच हिशेब केला. लग्न होणार नसेल तर ही मुलगी घरकामाला कायमची उपयोगी पडेल. थोरला विल्यम १७५७ मध्ये फ्रेंचांच्या आक्रमणाच्या धामधुमीत इंग्लंडला निघून गेला तो परतला नाही. मुलगे जास्त शिकले म्हणून दूर गेले, अशी त्या माऊलीची पक्की समजूत झाली होती. म्हणून कॅरोलिनला लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण मिळाले. फ्रेंच भाषा, संगीत, नाजूक भरतकाम या गोष्टींना मनाई झाली, कारण त्यांच्या बळावर मुलगी दुसऱ्याच्या घरी शिक्षिका म्हणून नोकरी धरू शकली असती. आई घरात नसताना किंवा खुशीत असताना वडील तिला व्हायोलिनचे चार धडे देत. एकदा थंडीच्या निरभ्र रात्री त्यांनी तिला रस्त्यावर नेऊन तारकासमूह ओळखायला शिकवले. त्याच वेळी आकाशात दिसत असलेला एक धूमकेतूही दाखवला. हॅनोव्हरमधल्या बालपणातील जे थोडे सुखाचे प्रसंग तिने पुढे आठवणींत नमूद केले, त्यांतला हा एक.

वडील १७६७ मध्ये गेले. त्यानंतरची पाच वर्षे म्हणजे स्वयंपाक, धुणी, शिवण आणि थोरल्या याकोबची बोलणी. जेवताना वाढण्यात चूक झाली तर हा भाऊ तिला चाबकाने मारीत असे. यातून सुटका झाली ती विल्यममुळे. तो आता इंग्लंडमधील बाथ या हवा खाण्याच्या ठिकाणी संगीतकार आणि चर्चमधील ऑर्गनवादक म्हणून नावारूपाला आला होता. कॅरोलिनला गाणे शिकवून आपल्या मैफलींत उभे करावे, असे त्याच्या मनात आले. आईने आणि याकोबने विरोध केला. भावाकडून होकार-नकाराची पत्रे येईपर्यंत कॅरोलिन स्वस्थ बसली नाही. घरात कोणी नसताना ती तोंडात बोळा धरून व्हायोलिनच्या सुरावटी गळ्यातून काढण्याचा सराव करी. आणि आपण गेल्यावर घरच्यांची अडचण होऊ नये म्हणून तिने सगळ्यांसाठी दोन वर्षे पुरतील इतके पायमोजे विणून ठेवले. कॅरोलिनचा स्वभाव कळायला हे मोजे पुरेसे आहेत. अखेर १७७२ च्या ऑगस्टमध्ये विल्यम स्वतः आला. कॅरोलिनच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून त्याने आईला ठरावीक रक्कम पाठवण्याचे कबूल केले आणि बहिणीला घेऊन निघाला. एका मुलीची किंमत तिच्या घरी एका मोलकरणीच्या पगाराइतकी ठरली होती, एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ.

उघड्या टपालगाडीतून हॉलंडपर्यंतचा प्रवास. वाऱ्याने तिची टोपी कालव्यात उडाली. पुढे समुद्रात वादळ लागले. यार्मथला खलाशांनी उतारूंना किनाऱ्यावर उतरवले. वाटेत रात्रीच्या वेळी विल्यम तिला तारे दाखवत होता. बाथमध्ये पोहोचल्यावर न्याहारीच्या टेबलावर इंग्रजी, गणित आणि जमाखर्चाचे धडे सुरू झाले. सहा आठवड्यांत तिला एकटीला बाजारात पाठवण्यात आले. भाऊ अलेक्झांडर तिच्या नकळत मागोमाग जाऊन लक्ष ठेवीत होता. इंग्रजी येत नसलेली ही चणीने मुलासारखी दिसणारी बाई कोळणी आणि खाटकांच्या गर्दीतून घाबऱ्याघुबऱ्या सामान घेऊन घरी आली, पण आली.

गाणे तिला चांगले साधले. १७७८ पर्यंत ती हँडेलच्या 'मेसाया'सारख्या संगीतिकेत प्रमुख गायिका म्हणून उभी राहू लागली. बर्मिंगहॅमच्या संगीत महोत्सवातून तिला स्वतंत्र बोलावणे आले. विल्यमखेरीज दुसऱ्या कोणाच्या संचालनाखाली गाणार नाही, असे सांगून तिने ते नाकारले. तिच्या चरित्रकारांना हा नकार नेहमीच खटकत आला आहे आणि तो खटकावा असाच आहे. पोटापाण्यासाठी भावावर अवलंबून राहण्याची नामुष्की तिला सतत टोचत होती. तरी स्वतःच्या पायावर उभे राहण्याची पहिली खरी संधी तिने त्या भावावरच ओवाळून टाकली.

दरम्यान, भावाचे लक्ष संगीतावरून उडत चालले होते. १७७३ च्या सुमारास त्याने प्रकाशशास्त्रावरची आणि खगोलशास्त्रावरची पुस्तके विकत आणली. चांगली दुर्बीण परवडेना, तेव्हा ती घरीच करायचे ठरले. पाहता पाहता घराचा कारखाना झाला. दिवाणखान्यात सुतारकाम, निजायच्या खोलीत लेथ. त्या काळी दुर्बिणीचा आरसा काचेचा नसे. तांबे आणि कथील यांच्या ठिसूळ मिश्रधातूची तबकडी ओतून ती घासून घासून चकचकीत करावी लागे. घासताना हात थांबला तर पृष्ठभाग बिघडे. एकदा विल्यमने सलग सोळा तास हात उचलला नाही. कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवीत राहिली. काम कंटाळवाणे होऊ नये म्हणून ती 'डॉन क्विक्झोट' आणि 'अरेबियन नाइट्स' मोठ्याने वाचून दाखवी. तीस फुटी दुर्बिणीच्या आरशासाठी साचा करायचा ठरला तेव्हा मातीत मिसळायची घोड्याची लीद कुटून चाळण्याचे कामही तिच्या वाट्याला आले. १७८१ च्या ऑगस्टमध्ये तळघरात तो आरसा ओतताना भट्टीतून वितळलेला धातू गळाला, फरशीचे दगड तापून तडातड उडू लागले आणि माणसे जीव घेऊन पळाली.

त्याच वर्षी, १३ मार्च १७८१ च्या रात्री विल्यमला त्याच्या सात फुटी दुर्बिणीतून एक तबकडीसारखा ठिपका दिसला होता. आरंभी त्याने तो धूमकेतूच मानला. गणिते झाली तेव्हा कळले की, तो शनीपलीकडचा नवा ग्रह आहे. मानवाला माहीत असलेल्या ग्रहमालेत इतिहासकाळात प्रथमच भर पडली. विल्यमने राजाच्या सन्मानार्थ त्याला जॉर्जचे नाव दिले, युरोपने अखेर युरेनस हे नाव स्वीकारले; मराठी पंचांगांनी आणि राशिभविष्याच्या रकान्यांनी मात्र शोधकाच्या आडनावावरून त्याला 'हर्षल' करून टाकले. कुंडलीत हर्षल कितव्या स्थानी आहे हे विचारणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की, हे एका जर्मन बँडवाल्याच्या कुटुंबाचे आडनाव आहे!

राजा तिसरा जॉर्ज प्रसन्न झाला. १७८२ मध्ये विल्यमला वर्षाला दोनशे पौंडांचे वेतन मिळाले. संगीतात तो याहून पुष्कळ जास्त मिळवीत असे, तरी त्याने बाथ सोडले आणि बहीणभाऊ विंडसरजवळच्या डॅचेट या गावी एका मोडकळीस आलेल्या घरात राहायला आले. कॅरोलिनचे गाणे तिथेच संपले. तिला कोणी विचारलेही नाही. ती आता खगोलज्ञाची मदतनीस होणार, असे ठरून गेले होते. विल्यमने तिला एक छोटी दुर्बीण दिली, आणि २२ ऑगस्ट १७८२ पासून तिने आपल्या नोंदवहीत निरीक्षणे लिहायला आरंभ केला.

पुढल्या वर्षी विल्यमने तिच्यासाठी खास दुर्बीण बनवली. आरसा जेमतेम ४.२ इंच व्यासाचा, वर्धन थोडे, पण एका दृष्टिक्षेपात आकाशाचा बराच मोठा तुकडा दिसावा अशी तिची रचना. धूमकेतू शोधायला नेमके हेच लागते. मोठी दुर्बीण आकाशाचा इतका लहान भाग दाखवते की, तिने शोध घ्यायचा तर जन्म पुरणार नाही. आकाश असे पट्ट्यापट्ट्याने पाहण्याला विल्यम झाडू मारण्याचा इंग्रजी शब्द वापरी आणि त्या दुर्बिणीलाही तेच नाव पडले. घर झाडण्यासाठी जिला आयुष्यभर अडकवून ठेवण्याचा आईचा बेत होता, तिच्या हाती हे असले झाडणे आले.

शोधकार्यात आणखी एक पेच होता. आकाशात धूमकेतूसारखे दिसणारे, पण न हलणारे असंख्य पुंजके आहेत. त्यांनी फसगत होऊ नये म्हणून पॅरिसच्या शार्ल मेसिये याने शंभरेक पुंजक्यांची यादीच १७८१ पर्यंत तयार केली होती. कॅरोलिनला त्या यादीत नसलेले पुंजके सापडू लागले. २६ फेब्रुवारी १७८३ रोजी व्याधाच्या पूर्वेला तिने एक तारकागुच्छ टिपला; आजच्या सूचीत त्याचा क्रमांक एनजीसी २३६०. त्याच सप्टेंबरात दक्षिणेकडच्या शिल्पकार तारकासमूहात तिला एक लांबट तेजोमेघ दिसला. ती खरे तर आपल्या आकाशगंगेबाहेरची एक मोठी दीर्घिका आहे, एनजीसी २५३. इंग्लंडमधून ती क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर येते, धुके आणि झाडे यांच्या आड. महाराष्ट्रातून तीच दीर्घिका पंचेचाळीस अंशांच्या आसपास चढते. शहराच्या दिव्यांपासून दूर गेलेल्या आपल्याकडच्या हौशी निरीक्षकाला ती कॅरोलिनपेक्षा कितीतरी सहज दिसते.

बहिणीला लहान दुर्बिणीतून इतके सापडते, तर मोठ्या दुर्बिणीतून काय सापडेल, या विचाराने विल्यमने १७८३ च्या अखेरीस वीस फुटी दुर्बिणीने साऱ्या आकाशाची झडती घेण्याचा संकल्प सोडला. त्यासाठी त्याला लेखनिक हवा होता. तो उंच मचाणावर उभा राहून दुर्बिणीत पाहणार. डोळे अंधाराला सरावलेले राहायला हवेत, म्हणून दिव्याशी जाऊन लिहिणे त्याला शक्य नव्हते. मग खिडकीशी दिवा, घड्याळ आणि तारकासूची घेऊन कॅरोलिन बसे. तो वरून वर्णन ओरडून सांगे, ती ते पुन्हा म्हणून दाखवी, वेळ टिपून घेई. सकाळी सगळे स्वच्छ लिहून काढायचे आणि स्थानांची गणिते करायची. दौतीतली शाई गोठावी अशी थंडी. पाढे तिला कधीच पाठ झाले नाहीत, म्हणून ती गुणाकाराचा तक्ता कागदावर लिहून जवळ बाळगी. त्या तक्त्याच्या आधारे तिने हजारो गणिते केली. वीस वर्षांत विल्यमने जे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छ प्रसिद्ध केले, त्यांतल्या प्रत्येकाचे स्थान या बाईच्या लेखणीखालून गेले आहे. त्याची किंमत म्हणजे, तिचे स्वतःचे निरीक्षण जवळजवळ थांबले. आकाश निरभ्र असेल आणि भाऊ गावाला गेला असेल, तेव्हाच तिची रात्र तिची.

याच सुमाराची एक घटना. ३१ डिसेंबर १७८३ ची रात्र, जमिनीवर पायभर वितळते बर्फ. विल्यमने दुर्बीण सरकवण्यासाठी घाईने हाक दिली. अंधारात धावताना ती घसरली आणि दुर्बिणीच्या सांगाड्याला लावलेला खाटकाच्या दुकानातल्यासारखा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. तिला सोडवताना दोनेक औंस मांस आकड्यालाच राहिले. सैनिकाला अशी जखम झाली असती तर सहा आठवडे इस्पितळात काढण्याचा हक्क मिळाला असता, असे डॉक्टरांचे मत पडले. कॅरोलिनला समाधान वेगळ्याच गोष्टीचे वाटले. पुढचा काही काळ आकाश ढगाळ राहिल्याने तिच्या दुखण्यापायी भावाची निरीक्षणे बुडाली नव्हती.

१७८६ मध्ये बिऱ्हाड स्लावला हलले. तिथे विल्यमची चाळीस फुटी महादुर्बीण उभी राहत होती. चार फूट व्यासाच्या आरशाची ही दुर्बीण त्या काळी जगात सर्वांत मोठी होती. राजाने त्यासाठी एकूण चार हजार पौंड दिले आणि जमिनीवर पडलेल्या तिच्या नळीतून कँटरबरीच्या आर्चबिशपांना चालवून नेण्याची मजाही लुटली. त्याच जमाखर्चात, १७८७ मध्ये, कॅरोलिनला विल्यमची मदतनीस म्हणून वर्षाला पन्नास पौंडांचे वेतन मंजूर झाले. शास्त्रीय कामासाठी पगार घेणारी ती इंग्लंडमधली पहिली स्त्री. ऑक्टोबरात तिमाहीचे साडेबारा पौंड हाती पडले, तेव्हा तिचे वय सदतीस होते आणि मर्जीप्रमाणे खर्च करता यावी अशी आयुष्यातली ती पहिली रक्कम होती.

पाठोपाठ धक्का बसला. ८ मे १७८८ रोजी विल्यमने शेजारच्या मेरी पिट या सधन विधवेशी लग्न केले. सोळा वर्षे घराच्या किल्ल्या कॅरोलिनच्या कमरेला होत्या. त्या आता वहिनीकडे गेल्या आणि कॅरोलिन वेगळी राहू लागली. तिच्या मनात काय चालले होते हे कोणालाही कळणार नाही, कारण १७८८ ते १७९८ या दहा वर्षांच्या खासगी नोंदी तिने पुढे स्वतःच्या हाताने नष्ट केल्या. मेरी मनाने चांगली होती. कालांतराने दोघींत खरे प्रेम जडले आणि १७९२ मध्ये जन्मलेला भाचा जॉन तर आत्याचा प्राणच झाला. तरी ती फाडलेली पाने बोलतात.

आणि तरीही, याच दहा वर्षांत कॅरोलिन सर्वांत जास्त स्वतःची होती. घरसंसार सुटला, तशा रात्री मोकळ्या झाल्या. तिच्या आठ धूमकेतूंपैकी सात तिने भावाच्या लग्नानंतर शोधले. २१ डिसेंबर १७८८ चा दुसरा. १७९० मध्ये जानेवारीत एक व एप्रिलमध्ये एक. १७९१ च्या डिसेंबरात पाचवा. १७९३ च्या ऑक्टोबरातला सहावा मेसियेने काही दिवस आधी पाहिला होता, हे मागाहून कळले. धूमकेतूंच्या शर्यतीत असे होतच असते. पत्र पॅरिसहून लंडनला पोहोचायला लागणाऱ्या दिवसांवर तेव्हा कीर्ती अवलंबून होती, त्यातून फ्रान्समध्ये क्रांतीची धुमश्चक्री चाललेली.

सातव्या धूमकेतूची कथा अधिक रंजक आहे. ७ नोव्हेंबर १७९५ रोजी कॅरोलिनला दिसलेला धूमकेतू १७८६ मध्ये फ्रान्सच्या मेशँने पाहिला होता, १८०५ मध्ये आणि १८१८ मध्ये पाँस याने पाहिला. हे चार वेगळे पाहुणे नसून एकच पाहुणा पुन्हा पुन्हा येतो आहे, हे योहान एंके या जर्मन गणितीने १८१९ मध्ये सिद्ध केले. सूर्याभोवती फेरी मारायला त्याला अवघी ३.३ वर्षे लागतात. तोवर हॅलेचा धूमकेतू सोडला तर असा परत येणारा दुसरा धूमकेतू ठाऊक नव्हता. नाव गणित करणाऱ्याचे लागले आणि ते न्याय्यच आहे. पण त्या गणिताला लागलेल्या निरीक्षणांत स्लावच्या गच्चीवरचे निरीक्षणही होते.

आठवा आणि अखेरचा धूमकेतू तिने १४ ऑगस्ट १७९७ च्या रात्री नुसत्या डोळ्यांनी टिपला. या वेळी टपालावर तिने भरवसा ठेवला नाही. तासभर झोप काढून तिने घोड्यावर खोगीर चढवायला लावले आणि वीस मैलांहून अधिक अंतर कापून ती थेट ग्रिनिचच्या वेधशाळेत राजज्योतिर्विद नेव्हिल मॅस्केलिन यांच्या दारात उभी राहिली. आजवर दोन-चार मैलांपलीकडे घोडा न हाकलेली, सव्वाचार फूट उंचीची, सत्तेचाळीस वर्षांची ही बाई लंडनच्या धुळीतून एकटी दौडत गेली, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. इतरांनीही तो धूमकेतू त्याच सुमारास पाहिला होता, त्यामुळे ही दौड वाचली असती तरी चालले असते.

मॅस्केलिन यांच्याशी तिचा स्नेह होता तो दुसऱ्या एका कामामुळेही. जॉन फ्लॅमस्टीडची सुमारे तीन हजार ताऱ्यांची सूची तेव्हाच्या खगोलज्ञांचा आधार होती. पण तिच्यात चुका होत्या आणि मूळ निरीक्षणांशी ताळमेळ लावायची सोय नव्हती. कॅरोलिनने प्रत्येक तारा मूळ नोंदींशी ताडून पाहिला, निर्देशिका तयार केली, चुकांची यादी केली आणि सूचीतून गळालेले साडेपाचशेहून अधिक तारे शोधून दिले. रॉयल सोसायटीने हे पुस्तक १७९८ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या संस्थेचे दार स्त्रियांना सभासद म्हणून पुढची जवळजवळ दीडशे वर्षे बंद राहणार होते, तिच्या खर्चाने हे छापले गेले, ही नोंद करण्यासारखी बाब आहे.

१७९७ च्या शरदात तिने गावात भाड्याच्या खोल्या घेतल्या. दुर्बीण ठेवलेली गच्ची दूर पडली. त्यानंतर तिला एकही धूमकेतू सापडला नाही. नव्या शतकात आकाशात नवे काही सापडतच होते: १८०१ मध्ये पियाझीने सेरेस आणि १८०२ मध्ये ओल्बर्सने पॅलस शोधली, आणि या छोट्या पिंडांना 'ॲस्टेरॉइड' हे नाव विल्यमनेच दिले. कॅरोलिन मात्र आता इतरांच्या नोंदी नीट करणारी राहिली होती. चाळीस फुटी दुर्बिणीने घेतलेल्या कष्टांच्या मानाने फार थोडे दिले. शनीचे दोन उपग्रह हीच तिची मुख्य कमाई. विल्यम थकत गेला आणि २५ ऑगस्ट १८२२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्याने देह ठेवला. त्याचा ग्रह सूर्याभोवती एक फेरी ८४ वर्षांत पुरी करतो.

दुःखाच्या भरात कॅरोलिनने पन्नास वर्षांचे इंग्लंड सोडून हॅनोव्हरला परतण्याचा निर्णय घेतला. आपल्याला आता फार जगायचे नाही, अशी तिची खात्री होती. ती आणखी पंचवीस वर्षे जगली आणि त्या निर्णयाचा पश्चात्ताप करीत राहिली. धाकट्या भावाशी, डीट्रिखशी, पटेना. गावात खगोलशास्त्र कोणाला कळेना. समोरच्या उंच घरांच्या छपरांनी आकाश झाकलेले. तशातही पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर तिने एक अवाढव्य काम अंगावर घेतले. विल्यमचे अडीच हजार तेजोमेघ ज्या वर्गवारीने छापले होते ती पुन्हा आकाश तपासणाऱ्याला गैरसोयीची होती. भाचा जॉन आता तेच काम नव्याने करू पाहत होता. त्याच्यासाठी तिने ते सगळे तेजोमेघ ध्रुवापासूनच्या अंतरानुसार पट्ट्यांत मांडून १८२५ मध्ये नवी सूची सिद्ध केली. या सूचीवाचून जॉनचे काम जवळपास अशक्य होते. ती सूची छापली गेली नाही. पण तिच्यासाठी लंडनच्या ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८२८ मध्ये कॅरोलिनला सुवर्णपदक दिले. त्यानंतर हे पदक मिळवणारी स्त्री म्हणजे अमेरिकेच्या व्हेरा रुबिन, १९९६ मध्ये.

मानसन्मान येत गेले. १८३५ मध्ये मेरी सॉमरव्हिलसह सोसायटीचे सन्माननीय सभासदत्व, १८३८ मध्ये आयर्लंडच्या रॉयल अकादमीचे, १८४६ मध्ये ९६ व्या वर्षी प्रशियाच्या राजाचे सुवर्णपदक. कौतुकाने ती अवघडून जाई. भावाच्या वाट्याचे कोणी आपल्याला देते आहे की काय, अशी तिला धास्ती. याला विनय म्हणण्याचा प्रघात आहे. तो सगळाच विनय नसावा; बालपणी घरात जी किंमत ठरली होती ती मनातून पुरती गेलीच नव्हती. १८३२ मध्ये जॉन भेटीला आला तेव्हा त्याला ८२ वर्षांची आत्या सकाळी मलूल आणि रात्री दहा-अकरानंतर तरतरीत, थट्टामस्करी करणारी दिसली. रात्रपाळीची सवय तिच्या देहात इतकी मुरली होती. जॉन १८३३ मध्ये दक्षिण गोलार्धाचे आकाश तपासायला केप ऑफ गुड होपला गेला. त्या निरीक्षणांचा ग्रंथ १८४७ मध्ये बाहेर पडला आणि त्याची प्रत तिच्या हाती पोहोचली. वडिलांच्या अंगणात सुरू झालेली झडती साऱ्या आकाशभर पुरी झाल्याचे तिने पाहिले. त्याच वर्षी ९७ व्या वाढदिवसाला भेटीस आलेल्या युवराज दांपत्याशी तिने दोन तास गप्पा मारल्या आणि विल्यमने रचलेले एक गाणे म्हणून दाखवले.

९ जानेवारी १८४८ रोजी कॅरोलिनचे निधन झाले. तिच्या इच्छेनुसार शवपेटीत विल्यमच्या केसांची एक बट आणि वडिलांनी वापरलेले जुने पंचांग ठेवण्यात आले. थडग्यावरचा मजकूर तिने आधीच लिहून ठेवला होता. १८८८ मध्ये योहान पालिसाने शोधलेल्या २८१ क्रमांकाच्या लघुग्रहाला तिच्या मधल्या नावावरून 'लुक्रेशिया' म्हणतात. चंद्रावरच्या एका लहान विवरालाही तिचे नाव आहे.

तिने १७८८ च्या डिसेंबरात पाहिलेला तो दुसरा धूमकेतू त्यानंतर दिसेनासा झाला होता. २८ जुलै १९३९ रोजी फ्रान्सच्या रोजे रिगोले याला एक धूमकेतू सापडला. गणित मांडल्यावर तो कॅरोलिनचाच निघाला. हर्शेल-रिगोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या धूमकेतूला सूर्याभोवती फिरायला दीडशेहून अधिक वर्षे लागतात. तो सूर्याजवळ पुन्हा येईल २०९२ मध्ये.